क्लास न लावता चौथीची स्कॉलरशिप: घरी अभ्यास कोण आणि कसा घेतं?

हळदगल्ली

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत, विश्रामबागला राहतो. लेक यंदा चौथीत आहे, सेमी. मी पतसंस्थेत नोकरीला, हे कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला. घरी सासूबाई असतात, त्यांचं शिक्षण जुनी सातवी.

२०२५ मध्ये शासनाने स्कॉलरशिप पाचवीवरून परत चौथीला न्यायचं ठरवलं आणि आमच्या अपार्टमेंटमध्ये चौथीची दहावी झाली. लेकीच्या तीन मैत्रिणी पहाटेच्या बॅचला जातात. आमची जात नाही. फीचा प्रश्न आहेच, पण त्या वेळेला तिला सोडायला आणि आणायला घरात माणूस नसतं.

पाढे वीसपर्यंत पाठ आहेत. वाचते बरं. घरात तीन गाईडं आणि सराव प्रश्नपत्रिकांचा हा एवढा गठ्ठा आहे. रविवारी पेपर सोडवते, मी उत्तरसूचीवरून तपासते, मार्क कपाटाच्या दाराला लावलेल्या कागदावर लिहिते. गणितात शंभरपैकी साठ-पासष्टला गाडी अडलीय. बुद्धिमत्तेत कधी सत्तर तर कधी पंचेचाळीस.

आणखी पेपर सोडवून घेऊ का? रोज किती वेळ बसवावं? ज्यांनी घरीच करून घेतलंय त्यांनी सांगा. "अमुक सरांचा क्लास लावा" असे प्रतिसाद कृपया नकोत, ते व्हॉट्सॲपवर भरपूर आलेत.

पोवईनाका

ताई, मार्क सांगितलेत. चुकतंय काय ते सांगा.

हळदगल्ली

सगळंच थोडं थोडं. नेमकं असं नाही सांगता यायचं. पेपर तपासून झाला की तो गठ्ठ्यात जातो.

जतचे_गुरुजी

मग गठ्ठा परत बाहेर काढा. नवा पेपर आणू नका.

मी जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. शिष्यवृत्तीला मुलं बसवत आलोय, आधी चौथीची, मग २०१७ पासून पाचवीची, आता परत चौथीची. पालकांचा सगळा जोर पेपरांच्या संख्येवर असतो. पेपर सोडवल्याने पोराला काय येतं आणि काय येत नाही एवढंच कळतं. शिकणं त्यानंतर, चुकलेल्या प्रश्नापाशी होतं, आणि नेमकं तेव्हाच आपण "चल, पुढचा पेपर" म्हणतो.

एक प्रश्न देतो. आज रात्री लेकीला घाला.

"राजूकडे १५ गोट्या आहेत. त्या मीनाच्या गोट्यांपेक्षा ६ ने जास्त आहेत. तर मीनाकडे किती गोट्या?"

माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त पोरं २१ सांगतात. "जास्त" दिसलं की बेरीज, असं कुणीतरी शिकवलेलं असतं. "एकूण" म्हणजे बेरीज, "उरले" म्हणजे वजाबाकी, "प्रत्येकी" म्हणजे भागाकार. बऱ्याच क्लासांत याचा तक्ताच भिंतीवर असतो. सोप्या प्रश्नांना तो चालतो. पण शिष्यवृत्तीच्या पेपरात साधारण ३० टक्के प्रश्न सोपे, ४० टक्के मध्यम आणि ३० टक्के कठीण असतात. तक्त्यावर चालणारं पोर सोप्यातून पार होतं, मध्यमात धडपडतं आणि तिथेच साठ-पासष्टला अडतं. अशा पोराला बेरीज शिकवून उपयोग नाही. राजू आणि मीना यांच्यात कुणाकडे कमी आहेत हे त्याला आधी तोंडाने सांगता आलं पाहिजे.

म्हणून चुकलेला प्रश्न घेतला की बरोबर उत्तर सांगूच नका. तिला तो मोठ्याने वाचू द्या. मग विचारा, काय काय दिलंय? काय विचारलंय? बऱ्याच वेळा वाचता वाचताच "अरे हो!" येतं. तसं आलं तर ती घाई. वाचूनही नीट सांगता आलं नाही तर भाषा. सगळं नीट सांगितलं आणि तरी गणित अडलं, तरच ते गणिताचं अज्ञान. तिन्हींची औषधं वेगळी आहेत, आणि आपण सरसकट तिसऱ्याचंच औषध पाजतो.

पोवईनाका

गुरुजी, हे लाख मोलाचं. माझा मुलगा "खालीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे" यातला "चुकीचे" वाचतच नाही. पर्याय १ बरोबर दिसला की गोल रंगवून मोकळा.

जतचे_गुरुजी

त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायची सवय लावा. प्रश्नपत्रिकेवर रेघ मारायला हरकत नसते. "नाही", "चुकीचे", "सर्वांत लहान", "क्रमाने तिसरी". घरच्या सरावात रेघ मारली नसेल तर बरोबर उत्तरालाही अर्धाच गुण द्या. पोरं आठवड्यात सरळ होतात.

तासगावकर_द्राक्षवाला

आमच्या पोराची एक गंमत सांगतो. प्रश्न असा होता, १०० मीटर रस्त्याच्या एका बाजूला दर १० मीटरवर झाड, दोन्ही टोकांना धरून किती झाडं? पोरगं म्हणलं १०. मी म्हणलं, बागंत चल. आमच्या द्राक्षाच्या ओळीत डांब हाईत. पयला डांब, मग गाळा, मग डांब, मग गाळा. मोज म्हणलं. दहा गाळ्यांना अकरा डांब! आता त्याला झाडं द्या, खांब द्या, नायतर घड्याळाचे टोल द्या, पयलं गाळं मोजतंय.

मी स्वतः नववी नापास. पण ह्यो प्रश्न मला गाईडपेक्षा चांगला समजला.

वाईचे_आजोबा

तासगावकर, वा! टोलांचं लक्षात आणून दिलंत. सहाचे टोल पडायला ५ सेकंद लागले तर बाराचे पडायला किती? मुलं १० म्हणतात. उत्तर ११. अंतरं मोजायची, टोल नव्हेत.

मी निवृत्त शिक्षक. हळदगल्ली, तुमच्या सासूबाई जुनी सातवी शिकल्यात हे तुम्ही उणं असल्यासारखं लिहिलंय. त्या काळी सातवीपर्यंत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेत. त्यांना विचारून बघा, पंधरा पाऊणे किती. सव्वाअकरा लगेच सांगतील. नातीला अपूर्णांक शिकवायला घरात माणूस बसलेलं आहे आणि तुम्ही गाईड चाळताय.

पोवईनाका

आजोबा, आदर आहे, पण दिडकी पाठ करून आता काय करायचं? पर्याय चार दिलेले असतात, मुलांनी रीत समजून घ्यावी. नाहीतर पाढ्यांच्या जोडीला आणखी एक घोकंपट्टी.

वाईचे_आजोबा

पाठ करा म्हणालो नाही. आजीला विचारा म्हणालो. १५ चे पाऊण म्हणजे काय, हे नातीने रीतीने करायचं आणि आजीने तोंडाने सांगायचं. उत्तर जुळलं की दोघींनाही बरं वाटतं. ७५ प्रश्न दीड तासात सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा नाही. तिथे तोंडी हिशोब येणाऱ्याला विचार करायला वेळ उरतो.

मिरजकर_सौ

आमच्याकडे आजी-नातवाचं गाडं वेगळ्याच ठिकाणी अडतं. आजी म्हणते "एकोणसत्तर" आणि नातू लिहितो ७९! सेमीमध्ये "सिक्स्टी नाइन" शिकलेला. सत्तर ऐकलं की सात लिहून मोकळा.

वाईचे_आजोबा

हे मराठी माध्यमातल्या मुलांचंही होतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात जोडाक्षरी नावांच्या जोडीला "वीस एक", "साठ तीन" अशी रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. टीव्हीवर, विधिमंडळात, सगळीकडे. माझं मत तेव्हाही हेच होतं की शिकवताना दोन्ही वापरा. त्रेसष्ट ऐकून ३६ लिहिणाऱ्या मुलाला "साठ आणि तीन" म्हणून दाखवलं तर मराठी बुडत नाही. रोज झोपताना दहा संख्या तोंडी सांगून लिहून घ्या, त्यात एकोणवाल्या जास्त घाला.

सज्जनगडवाला

सगळे हुशार लोक जमलेत म्हणून विचारतो. नऊ वर्षांच्या पोराला हे कशाला? स्कॉलरशिप, मग पुढच्या वर्षी नवोदय, मग सैनिक स्कूल, मध्ये दोन-तीन खासगी प्रज्ञाशोध. शाळेच्या संकलित चाचण्या आहेतच. पाचवीची वार्षिक परीक्षा डिसेंबर २०२३ च्या निर्णयाने परत आली, त्यात नापास झालं तर पुनर्परीक्षा आणि तिथेही अडलं तर पाचवीतच. अजून किती परीक्षा?

माझी मुलगी कुठल्याच परीक्षेला बसत नाही. संध्याकाळी पाच ते सात मैदानावर असते. मजेत आहे.

पोवईनाका

तुमचं मैदान घराशेजारी आहे दादा. आमच्याकडे अपार्टमेंटचं पार्किंग.

जतचे_गुरुजी

सज्जनगडवाले, तुमचं निम्मं पटतं. खासगी प्रज्ञाशोधांना मीही मुलं बसवत नाही.

पण शिष्यवृत्ती मिळालेल्याला वर्षाला ५,००० रुपये मिळतात. शहरात ही रक्कम किरकोळ वाटेल. माझ्या शाळेतल्या मेंढपाळाच्या पोरीला ती मिळाली तेव्हा तिची पुढची शाळा सुटायची राहिली. दुसरं म्हणजे बुद्धिमत्ता चाचणी. वर्गीकरण, समसंबंध, सांकेतिक भाषा, आरशातली प्रतिमा. वर्षभराच्या पाठ्यपुस्तकात हे मुलांना फारसं भेटत नाही आणि पोरांना ते आवडतं. परीक्षेला बसवू नका हवं तर, पण कोडी सोडवू द्या.

हळदगल्ली

गुरुजी, रात्री राजू-मीनाचा प्रश्न घातला. २१!

मग गठ्ठ्यातले जुने पेपर काढले आणि तुम्ही सांगितल्यासारखं तिला वाचायला लावलं. गणिताच्या चुकांपैकी बऱ्याच वाचतानाच सुटल्या. "एवढं लिहिलेलं बघितलंच नाही," म्हणते. खरं अडलं ते अपूर्णांकांची तुलना आणि परिमितीत. १/३ मोठा की १/५, तर म्हणे १/५, कारण पाच मोठे.

सासूबाईंना पंधरा पाऊणे विचारलं. भाकरी थापता थापता सव्वाअकरा म्हणाल्या आणि वर "तुला येत नव्हतं?" असंही म्हणाल्या.

मिरजकर_सौ

शेवटच्या ओळीला +१ :)

वाईचे_आजोबा

१/३ आणि १/५ साठी एकसारख्या दोन भाकऱ्या घ्या. एक तिघांत वाटा, दुसरी पाच जणांत. कुणाच्या वाट्याला मोठा तुकडा आला ते तिलाच बघू द्या. परिमितीला दोरी आणि घराचा उंबरा, टेबल, पाट. कागदावर तिला क्षेत्रफळ आणि परिमिती एकच वाटत असणार. दोन्ही एकाच आठवड्यात शिकवली की हमखास गोंधळ होतो.

कराडकर_इंजिनिअर

गुरुजी जे सांगतायत त्याला संशोधनाचाही आधार आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी प्रयोग केला. एका गटाला उतारा परत परत वाचायला दिला, दुसऱ्याला एकदा वाचून आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. तो प्रयोग कॉलेजच्या मुलांवर होता, चौथीच्या नव्हे. तरी घरी एवढं नक्की करता येतं, धडा परत वाचून घेण्याऐवजी पुस्तक मिटून "काय काय आठवतं?" विचारायचं. चुकलेलं गणित त्याच दिवशी परत सोडवून घेतलं तर ते येतच, कारण उत्तर डोळ्यांसमोर असतं. सहा-सात दिवसांनी कोऱ्या कागदावर आलं तर ते खरं आलं.

जतचे_गुरुजी

बरोबर. माझ्या वर्गात प्रत्येकाची एक चुकांची वही असते. डाव्या पानावर चुकलेला प्रश्न, उजव्या पानावर पोराच्या शब्दांत का चुकलं. "घाई केली", "लसावि काढायचा होता, मसावि काढला", "काटा उलटा बघितला". आईने लिहायचं नाही, पोराने लिहायचं. शनिवारी उजवं पान झाकून डावं परत सोडवायचं. सलग दोनदा आलं की त्यावर काट. पूर्ण पेपर महिन्यातून एक-दोन पुरे, परीक्षा जवळ आली की वाढवा.

आणि हळदगल्ली, तो कपाटावरचा मार्कांचा कागद काढाच. पोरगी तिथून येता-जाता पंचेचाळीस वाचते.

बिळूरची_ताई

मी पण जतकडचीच. आमच्या घरात कन्नड. मुलगा मराठी शाळेत जातो. मला मराठी बोलता येतं, वाचायला फार वेळ लागतो. त्याचा अभ्यास मी काय घेणार? धाग्यावरच्या सगळ्या आया शिकलेल्या दिसतात.

जतचे_गुरुजी

ताई, तुम्हाला वाचता यायची गरज नाही. त्याला प्रश्न मराठीत वाचू द्या आणि तुम्हाला कन्नडमध्ये समजावून सांगू द्या. सांगता आला म्हणजे समजला. अडखळला तर कुठल्या शब्दापाशी अडखळला ते लक्षात ठेवा आणि तो शब्द दुसऱ्या दिवशी बाईंना विचारायला सांगा. आमच्याकडे अशी पोरं भाषेच्या २५ प्रश्नांपेक्षा गणिताच्या शाब्दिक उदाहरणांत जास्त मार्क घालवतात.

त्याचं वाचन कितपत आहे हे बघायची साधी रीत आहे. दुसरीच्या पुस्तकातली त्याने न वाचलेली गोष्ट द्या आणि न थांबता वाचतो का ऐका. प्रथम संस्थेच्या असर पाहणीत असंच बघतात, आधी अक्षरं, मग शब्द, मग चार ओळींचा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. गोष्टीत अडखळत असेल तर दोन महिने गाईड बंद, रोज गोष्ट. शिष्यवृत्ती कन्नड माध्यमातूनही देता येते, पण शाळा मराठी आहे तर आता माध्यम बदलू नका.

बिळूरची_ताई

हे जमेल सर.

माजी_नवोदयवाला

वर नवोदयचा उल्लेख आला म्हणून लिहितो. साताऱ्याचं नवोदय खावलीला आहे, सांगलीचं पलूसला. पाचवीत असताना परीक्षा, सहावीत प्रवेश. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यातले ४० प्रश्न आणि ५० गुण एकट्या बौद्धिक क्षमतेचे, आणि ते जवळपास सगळे आकृत्यांचे. उरलेले अंकगणित आणि भाषा निम्मे निम्मे. परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण शाळेत झालेली लागते. विश्रामबागच्या ताईंनी हे गणित आधीच मांडून ठेवावं.

सातारच्या सैनिक स्कूलचं वेगळं. १९६१ ची, देशातली पहिली सैनिक शाळा. तिथे सहावीच्या परीक्षेत ३०० पैकी १५० गुण एकट्या गणिताला आणि वयाची अट १० ते १२. मुलींनाही आता प्रवेश आहे.

आकृत्यांसाठी एकच सांगतो, डोक्यात फिरवायला लावू नका. कागद कापा, घडी घाला, भोक पाडा, उलगडा. आरशासाठी खरा आरसा, जलप्रतिमेसाठी तोच आरसा आडवा. हात सरावले की मग कागदाशिवाय जमतं.

मिरजकर_सौ

आरशातलं घड्याळ आम्हाला कायम छळतं!

माजी_नवोदयवाला

११ वाजून ६० मिनिटांतून वजा करा. ४:२० चं आरशात ७:४०. पण आधी खरं घड्याळ आरशासमोर धरून दाखवा, नाहीतर तेही एक सूत्र होऊन बसतं. दिनदर्शिकेला भिंतीवरचं कॅलेंडर बास. २०२६ ची १ जानेवारी गुरुवारी आणि ३१ डिसेंबरही गुरुवारीच. का, ते मुलांना शोधू द्या. लीप वर्ष नसेल तर फेब्रुवारी आणि मार्च एकाच वाराने सुरू होतात, तेही त्यांनाच सापडू द्या.

सज्जनगडवाला

३६५ ला ७ ने भागलं की बाकी १, म्हणून. मुलीने सांगितलं, मी नाही. कुठल्याच परीक्षेला न बसणारी तीच मुलगी.

पोवईनाका

बसवा हो तिला!

कराडकर_इंजिनिअर

उत्तरपत्रिकेचं कुणीच बोललं नाही. गोल रंगवण्याचा सराव घरी करून घ्या. एक प्रश्न सोडला आणि गोल मात्र सोडला नाही, की पुढची सगळी उत्तरं एक घर सरकतात. ओएमआरच्या कोऱ्या झेरॉक्स काढून आणा. दर पाच प्रश्नांनी प्रश्न क्रमांक आणि गोलाचा क्रमांक जुळवायचा. पेनाने रंगवलेला गोल खोडता येत नाही, म्हणून उत्तर ठरल्याशिवाय पेन टेकवायचं नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत एकही गोल कोरा ठेवू नये.

हळदगल्ली

सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय: रोज संध्याकाळी आजी-नातीचा अर्धा तास, तिने वाचायचं आणि आजीला समजावून सांगायचं. मी आल्यावर फक्त चुकांची वही बघायची. शनिवारी जुन्या चुका. पेपर पंधरा दिवसांतून एक. कागद काढला कपाटावरचा.

एक शंका उरलीच. तिन्ही गाईडांतल्या सराव प्रश्नपत्रिका एकमेकींशी जुळत नाहीत, एकीत फारच अवघड प्रश्न आहेत आणि दोन ठिकाणी उत्तरसूचीच चुकीची वाटते. खरा पेपर कसा असतो हे कुठे बघायचं?

जतचे_गुरुजी

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि अंतिम उत्तरसूची असतात, फुकट. चौथीचे पेपर आता आता सुरू झालेत, ते आधी घ्या. पाचवीचे जुने घ्याल तर त्यातला पाचवीच्या अभ्यासक्रमाचा भाग वगळा, बुद्धिमत्तेचा बहुतेक चालेल. "अंतिम" उत्तरसूचीच उतरवून घ्या, अंतरिम नको. आक्षेप आल्यावर तिच्यातली काही उत्तरं बदलतात. आणि गाईडातलं उत्तर चुकीचं वाटलं तर लेकीला सांगा, सिद्ध करून दाखव म्हणून.